सात मिनिटांचा कॉम्प्युटर

“सर नाही आले?”

दार उघडणाऱ्या माणसाने माझ्या खांद्यावरून मागे रस्त्यावर पाहिलं. मागे फक्त माझी स्कूटी उभी होती.

“मीच आलेय,” मी म्हटलं. “हर्षदा मगदूम. चौगुले सरांच्या दुकानातून. कॉम्प्युटर बंद पडतोय म्हणून फोन होता ना?”

“हो, पण हार्डवेअरचं काम आहे.”

“हार्डवेअरचंच शिकलेय मी.”

हे बोलणं मला तोंडपाठ झालं होतं. इचलकरंजीत त्या वेळी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणारी दुसरी मुलगी माझ्या तरी माहितीत नव्हती. दर नव्या घरी आधी माझ्या मागे बघायचे, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे, आणि मग नाइलाजाने आत घ्यायचे. त्यावर मी माझ्यापुरता एक उपाय काढला होता. बिघाड सापडला की तो सगळ्यांसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात सांगायचा. त्या घरात पुढच्या खेपेला कुणी सरांची चौकशी करत नसे. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि या उपायाचा मला फार अभिमान होता.

“मी प्रमोद हावळ,” तो म्हणाला. “पुण्याला असतो. दसऱ्याला आलोय, उद्या सकाळी जायचंय. तुमच्या दुकानात तीनदा फोन केला, तेव्हा आज तुम्ही आलात. या.”

बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल होतं, त्यावर मॉनिटर आणि खाली कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा उभा डबा. टेबलाजवळच्या हाताच्या खुर्चीत एक वाळलेला माणूस बसला होता. छातीवर टॉवेल, दोन्ही हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. शेजारच्या शेडमधून यंत्रमागांची खडखड येत होती. आमच्या गावात ती कुठेही येते, आम्हाला ती ऐकूही येत नाही.

“हे आण्णा. माझे वडील,” प्रमोद म्हणाला. “त्यांना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं आणि कळतंही सगळं.” हे वाक्य त्याने खूप जणांना सांगितलं असावं.

मी नमस्कार केला. आण्णांनी पापण्या मिटून उघडल्या.

प्रमोदने उभ्या उभ्याच सांगितलं. मज्जातंतूंचा आजार. दोन वर्षांपूर्वी आधी जीभ जड झाली, मग आवाज गेला, मग हात गेले. पेन धरता येत नाही, पाटीवरची पेन्सिलही नाही. आता उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं चालतं. त्याचा कॉलेजमधला जुना कॉम्प्युटर घरात पडून होता. त्यात मराठी अक्षरं टाकून त्याने मागच्या उन्हाळ्यात आण्णांना एका बोटाने टाइप करायला शिकवलं. तेव्हापासून आण्णा त्यावरच बोलत होते.

“डॉक्टर म्हणतात, संक्रांतीपर्यंत बोट चालेल,” त्याने आवाज खाली आणला, पण खोली लहान होती. “पुढचं सांगता येत नाही. आणि आता नवमीच्या संध्याकाळपासून हे असं. चालू होतो, विंडोज येतं, सात मिनिटांत धाडकन बंद. सहा दिवस झाले. मी विंडोज परत टाकून बघितलं, तेही अर्ध्यात बंद पडलं.”

“सात मिनिटं म्हणजे सातच?”

“घड्याळ लावून बघितलंय. परत चालू करायचा तर अर्धा तास थांबावं लागतं. आण्णा जन्मभर मागाचे जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. कुठला माग बिघडलाय ते शेडच्या दारात उभं राहून सांगायचे. पण ह्याचं काय झालंय ते त्यांनाही कळलं नाही. त्यांना विचारलं तर ‘माहीत नाही’ असं लिहिलं.”

आतून आक्काताई आल्या. आण्णांची बायको. ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या, लुगड्याला सुताचे धागे चिकटलेले. घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम त्या करत असणार. माझ्याकडे बघून त्या हसल्या आणि लगेच कॉम्प्युटरकडे बघून हसू आवरलं.

“दाखव की आई, चालू कर,” प्रमोद म्हणाला.

आक्काताईंनी आधी पदराला हात पुसले. बटण दाबलं. विंडोज येईपर्यंत उंदरावर, म्हणजे माऊसवर, हात ठेवून त्या अगदी सरळ उभ्या राहिल्या. मग निळ्या खुणेवर बाण नेऊन दोनदा टकटक केलं. वर्डचं पांढरं पान उघडलं. मग फळीवरचा दुसरा टॉवेल काढून त्याची चौघडी केली, आण्णांच्या कोपराखाली घातली आणि कोपर आपल्या तळव्यावर तोलून धरलं. आण्णांचं बोट कीबोर्डवर आलं. त्या दोघांना याची इतकी सवय झाली होती की कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

पडद्यावर एकेक अक्षर उमटलं. आक्काताईंनी ते जुळवून मोठ्याने वाचलं. “ना... व. नाव. नाव इचारत्यात तुझं.”

“हर्षदा.”

“मुल... गी. फिट... र. मुलगी फिटर!” आक्काताई खुदकन हसल्या. “व्हय की. पोरगी हाय फिटर.”

आण्णांच्या तोंडाची एक बाजू हलली. बोट परत चाललं. ‘मी पण. मागाचा.’

“मग तर तुम्ही माझे सिनियर,” मी म्हटलं.

पुढचं लिहायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मग लिहिलं, ‘आवाज ऐक.’

मला हसू आलं. “आण्णा, मागाचं वेगळं आणि ह्याचं वेगळं. ह्याला आवाजावरून कळत नाही, मीटर लावावं लागतं.”

तेवढ्यात पडदा काळा झाला. मी घड्याळ बघितलं. सात मिनिटं झाली होती.

मी पिशवी उघडली. सात मिनिटांत बंद म्हणजे पॉवर सप्लाय, हे दुकानात शिकलेलं गणित. कॅबिनेट ओढून बाहेर काढला, बाजूचा पत्रा उतरवून भिंतीला टेकवून ठेवला आणि मी बरोबर आणलेला पॉवर सप्लाय जोडला. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, ती परत बसवली. कॉम्प्युटर गार होईपर्यंत प्रमोद माझ्याशी पुण्यातल्या कंपनीबद्दल बोलत राहिला. अर्ध्या तासाने पत्रा लावून चालू केला. मधेच बंद पडला तरी आण्णांचं लिहिलेलं जाऊ नये म्हणून वर्डमध्ये एक सोय करून ठेवली. आता जे टाइप होईल ते दर मिनिटाला आपोआप जपून ठेवलं जाणार होतं. प्रमोदला ते आवडलं. “हे मला सुचलं नव्हतं,” तो म्हणाला.

सात मिनिटांनी कॉम्प्युटर बंद पडला.

माझ्या कानशिलांना घाम आला. प्रमोदने मोबाइल काढला, आणि तो चौगुले सरांना फोन करणार असं मला वाटलं. तो बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. त्याचा फोन ऑफिसचा होता हे मला नंतर कळलं.

पुन्हा अर्धा तास. या खेपेला मी पत्रा परत काढून भिंतीला टेकवला, तसाच कॉम्प्युटर चालू केला, टॉर्च घेतला आणि जमिनीवर बसून डोकं कॅबिनेटमध्ये घातलं. आक्काताईंनी वर्ड उघडून दिलं, टॉवेल घातला. मग मला त्यांचा आवाज ऐकू आला. “काय? आत? च्या व्हय? पोरीला च्या टाकू म्हंता? बरं बरं.” आण्णांनी डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे खूण केली असणार. आक्काताई आत गेल्या. स्टोव्हचा आवाज सुरू झाला.

माझ्या डोक्यावर कीबोर्ड वाजू लागला. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. कोपर धरायला कुणी नव्हतं, म्हणून इतका वेळ लागत होता, पण तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही. कॅबिनेटमध्ये वायरींचा गुंता होता. तो बाजूला करत मी प्रोसेसरपर्यंत पोचत होते. पत्रा उघडा असल्यामुळे असेल, या वेळी सात मिनिटं होऊन गेली तरी कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. टक. टक. एकदा आण्णांच्या घशातून ‘अं’ असा आवाज आला.

“झालंच आण्णा, दोन मिनिटं,” मी मान वर न करता म्हटलं.

परत ‘अं’.

“हो हो. दोनच मिनिटं.”

आणि मला दिसलं. प्रोसेसरवरचा पंखा फिरतच नव्हता. जागच्या जागी थरथरत होता, बारीक टकटक करत. पंखा बंद म्हणून प्रोसेसर तापतोय, आणि तापला की तो जळू नये म्हणून सगळं आपोआप बंद होतंय. मी हात लांब करून भिंतीवरचं बटण पाडलं. पडदा काळा झाला. चिमट्याने पंख्याच्या पात्याजवळ चाचपलं आणि काहीतरी बारीक, टणक बाहेर आलं.

तांदळाचा दाणा. कुंकवाने माखलेला, लालभडक.

भिंतीला टेकवलेला पत्रा मी उलटा केला. त्याला मधोमध गोल जाळी होती. जाळीच्या आतल्या बाजूला कुंकू, आणि खाली कॅबिनेटच्या तळाशी आणखी दहा-बारा दाणे. मी उठून उभी राहिले. दारातून प्रमोद आत येत होता, आतून आक्काताई चहाचे कप घेऊन येत होत्या. सगळे समोर होते.

“सापडलं!” मी चिमटा उंच धरला. “ना विंडोज, ना पॉवर सप्लाय. अक्षता! पूजा कुणी केली कॉम्प्युटरची? देवाला चालतात हो तांदूळ, प्रोसेसरला नाही चालत!”

मी हसले. माझ्याशिवाय कुणी हसलं नाही.

प्रमोदने दाणा बघितला आणि आईकडे वळला. “आई?”

“नवमीला,” आक्काताई म्हणाल्या. “हत्यारं पुजत्यात की नवमीला. मागाला घालत हुतोच की आपण.”

“तो माग होता! लोखंडाचा! किती वेळा सांगितलं तुला, बटण आणि माऊस सोडून कशाला हात लावायचा नाही म्हणून? सहा दिवस, आई! डॉक्टर काय म्हणालेत ठाऊक आहे ना? किती दिवस उरलेत त्यांच्या बोटाचे? त्यातले सहा तू...” त्याचा आवाज चिरकला. तो काही वाईट मुलगा नव्हता. सहा दिवस तो वडिलांच्या तोंडाकडे बघत बसला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला जायचं होतं.

आक्काताईंनी कप टेबलावर ठेवले. एक थेंब सांडला नाही. मग त्या आत गेल्या.

मी आण्णांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, दमले असतील.

मी पंखा साफ केला, सगळे दाणे वेचले, त्यांचा जुना पॉवर सप्लाय परत जोडला, पत्रा बसवला. कॉम्प्युटर एक तास चालू ठेवून बघितला. एकदाही बंद पडला नाही. प्रमोदने दारापर्यंत येऊन मला सांगितलं, “मॅडम, मानलं तुम्हाला. सर येऊनही सापडलं नसतं.” चहा तसाच राहिला होता, पण मला तहानच नव्हती. दुकानात मी ती हकिकत रंगवून सांगितली. पुढे आठवडाभर कुठलाही कॉम्प्युटर आला की चौगुले सर विचारायचे, “आधी बघ गं, अक्षता बिक्षता आहेत का.” मी सगळ्यात मोठ्याने हसायचे.

अकरा दिवसांनी प्रमोदचा पुण्याहून फोन आला. “मॅडम, तो परत बंद आहे. मी रोज फोन करतो, रोज आई सांगते, चालू नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच, असं म्हणते. दिवाळीला यायला रजा नाही मिळत. प्लीज जाऊन या.”

मी त्याच दुपारी गेले. जाताना थोडा रागच आला होता. माझं काम पक्कं असतं.

आक्काताईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. आण्णा त्याच खुर्चीत होते. खुर्ची मात्र टेबलापासून दूर, भिंतीशी होती. मॉनिटरवर जुन्या साडीचा तुकडा झाकला होता. तो मी काढला, बटण दाबलं.

विंडोज लगेच आलं. मी घड्याळ लावून बसले. सात मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. कॉम्प्युटर ठणठणीत होता.

“चालू आहे की काकी.”

“असंल,” आक्काताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

“मग प्रमोदला चालू नाही म्हणून का सांगितलं?”

“चालू केलाच न्हाई.” त्या उंबऱ्याच्या पुढे आल्या नाहीत. “माझा हात वंगाळ हाय पोरी. माझ्या हातानं सा दिवस ह्यांचं बोलणं बंद पडलं. उगं परत काय झालं तर? मी हात लावत न्हाई त्येला.”

“अहो, पण मग आण्णा...”

“हायत की. मी इचारते, ते डोळं मिटत्यात. भागतंय आमचं.”

आण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बोटाकडे माझं लक्ष गेलं. मागच्या वेळी ते मांडीवर असतानाही अधूनमधून हलत होतं. आज ते इतर बोटांसारखंच पडून होतं.

“काकी, तुम्ही पूजा केलीत म्हणून काही...” मी सुरुवात केली आणि मधेच थांबले. तांदळाचा दाणा सगळ्यांसमोर नाचवणारी मीच होते.

“मला वाटलं, करावी,” आक्काताई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, आण्णांशीही नव्हत्या. “ह्यांनीच लावलेली सवय. चाळीस वरसं नवमीला पाटावर नट आवळायचं पानं, पक्कड, हातोडा मांडायचं. मागाला हार घालायचं. म्हनायचं, आक्का, ज्याच्यावर घर चालतंय त्येला वरसातनं एकदा हात जोडावं. आवंदा पानं मांडून काय करू? ती गंजली. म्हटलं, आता ह्यांचं हत्यार ह्येच. टेबलाखालनं काढला, पाटावर आडवा निजवला, हळदकुंकू लावलं, अक्षता घातल्या. मागाला घालत हुतो तशाच.”

मला तिथे बसवेना. काहीतरी हातांनी करायला हवं म्हणून मी माऊस हलवला आणि निळ्या खुणेवर दोनदा दाबलं.

वर्ड उघडलं, आणि डाव्या बाजूला एक चौकट आली. अचानक बंद पडलेलं पान जपून ठेवलंय, उघडू का, असं विचारणारी. मीच करून ठेवलेली सोय. त्या दिवशी मी भिंतीवरचं बटण पाडल्यावर इथे कुणी वर्ड उघडलंच नव्हतं. मी त्या नावावर दाबलं.

पान उघडलं. पाच ओळी होत्या. कुठे एकच अक्षर दोनदा पडलेलं, कुठे काना राहिलेला, विरामचिन्ह एकही नाही.

मी वाचलं आणि खुर्चीतून उठले. आण्णांकडे बघायचा मला धीर झाला नाही.

“काकी, इकडे या.”

“न्हाई गं.”

“हात लावू नका. नुसतं वाचा. आण्णांनी लिहिलंय. तुम्ही त्या दिवशी चहा करायला आत गेला होतात तेव्हा.”

त्या आल्या. दोन्ही हात पाठीमागे धरून पडद्यासमोर वाकल्या. त्यांच्या पद्धतीने एकेक अक्षर जुळवत, तोंडाने पुटपुटत वाचू लागल्या. मी त्यांना मदत केली नाही.

“पोरी... पंख्यात... तांदूळ हाय. नवमीलाच... आवाजा... आवाजावरून कळलं. तिला... सांगू नको. प्रमोद समोर... तर... नकोच. पावर गेली... म्हण. तिने... माझ्यासाठी पू... पूजा केली. तिने हात... लावायचं... सोडलं... तर मी”

तिथे मजकूर संपला होता. तिथे मी बटण पाडलं होतं.

आक्काताई तशाच वाकून उभ्या राहिल्या. शेवटची ओळ त्यांनी परत वाचली. मग वळल्या.

“तुमास्नी ठावं हुतं?”

आण्णांनी पापण्या मिटून उघडल्या.

“सा दिवस? पोरानं इचारलं तरी म्हायत न्हाई म्हनून लिवलं?”

परत पापण्या मिटल्या, उघडल्या. या वेळी डोळ्यांतलं पाणी गालावर आलं आणि त्यांना ते पुसता येईना. आक्काताईंनी पदराने ते पुसलं, जरा जोरातच. “खुळं का काय तुमी,” त्या म्हणाल्या. “खुळं का काय.”

मग त्या मोरीत गेल्या. पाण्याचा आवाज आला. हात पुसत बाहेर आल्या, आण्णांची खुर्ची एकट्याने ढकलत टेबलाशी आणली. मी पुढे झाले तर मला कोपराने बाजूला केलं. फळीवरचा टॉवेल काढला, चौघडी केली, कोपराखाली घातली, कोपर तळव्यावर घेतलं. बोट कीबोर्डवर टेकलं, पण हलेना. आम्ही तिघंही त्या बोटाकडे बघत होतो. शेजारच्या शेडमध्ये माग चालू होते.

मग ते हललं.

मला वाटलं, ते अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करतील. त्यांनी खोडायचं बटण दाबलं. एक अक्षर गेलं. परत दाबलं. त्यांनी त्या पाच ओळी शेवटापासून पहिल्या अक्षरापर्यंत खोडल्या. मी एका क्षणात खोडून दिल्या असत्या, पण मला ते सुचवायचंही धाडस झालं नाही. त्यांना किती वेळ लागला ते मी बघितलं नाही. पान कोरं झाल्यावर त्यांनी नवीन शब्द लिहिला.

“च... हा. चहा,” आक्काताईंनी वाचलं. “पोरीला. व्हय, त्या दिवशी तसाच ठिवून गेली ती.”

त्या आत गेल्या. स्टोव्ह पेटला. मी आणि आण्णा दोघंच राहिलो. मला त्यांना सांगायचं होतं की मी वर बघायला हवं होतं, दोनदा हाक मारलीत तुम्ही, मी दोनदा ‘हो’ म्हटलं. पण मी नुसती माऊसची वायर सरळ करत बसले. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. प्रमोद.

“मॅडम, गेला होतात? काय निघालं? आईनं परत काही केलं का?”

आण्णांना पलीकडचा आवाज ऐकू येत असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘आवाज ऐक’ लिहिताना पाहिलं होतं तसंच.

“नाही नाही,” मी म्हटलं. “पॉवर गेली होती.”

“म्हणजे?”

“पॉवर सप्लाय. जुना झाला होता. मागच्या वेळीच बदलायला हवा होता, माझी चूक. आत्ता नवीन घातलाय.”

“म्हणजे हे अकरा दिवस...”

“कॉम्प्युटरच बंद होता. त्यात काकी काय करणार?”

तो म्हणाला, “त्या दिवशी मी आईला फार बोललो. आहे का ती तिथे?”

आक्काताई कप घेऊन आल्या. मी त्यांच्या हातातून कप घेतला आणि मोबाइल दिला. त्या तो कानापासून थोडा लांब धरून मोठ्याने बोलू लागल्या. “हां, बोल बाळा... न्हाई रं, मी कशाला मनात ठिवू... हां, चालू झाला, आत्ताच... व्हय, लिवत्यात की... जेवलास का तू?”

मी चहा प्यायले. गरम होता.

नंतर मी त्या घरी बऱ्याचदा गेले. पंखा साफ करायला म्हणून जायचे आणि आण्णांशी बोलत बसायचे. एकदा त्यांनी मला मागाचा धोटा अडकल्यावर कसा आवाज येतो ते तीन ओळींत समजावलं. आज माझं स्वतःचं दुकान आहे. कुणाच्या घरी गेले की कॅबिनेट उघडण्याआधी मी घरच्यांना काहीतरी निमित्त काढून आत पाठवते, आणि जे सापडेल ते हळू सांगते. गिऱ्हाइकं म्हणतात, मॅडम फार कमी बोलतात.

आण्णांचं बोट संक्रांतीपर्यंत पोचलं नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी आक्काताईंनी टॉवेलाची चौघडी घातली, कोपर तळव्यावर घेतलं, आणि ते उठलं नाही. दोन वर्षांनी आण्णा गेले.

नवमीपासून त्या सकाळपर्यंतचे दिवस मी कॅलेंडरवर मोजले आहेत, एकदा नाही, अनेकदा. त्यातले सहा दिवस आण्णांनी आक्काताईंसाठी स्वतःहून गप्प राहून सोडले होते. पुढचे अकरा मी घालवले.